सासूबाई म्हणाल्या, ‘सोडा की त्या बिचाऱ्याला’

प्रश्न : मागच्या रविवारी टीव्हीवर इच्छामरणावरचा ‘गुजारिश’ लागला होता, ८३ वर्षांच्या सासूबाईंसोबत बसून बघितला. कोर्टाचा सीन चालू असताना त्या एकदम म्हणाल्या, “सोडा की त्या बिचाऱ्याला आता.” मिस्टरांनी लगेच चॅनल बदललं, आणि आता घरात असले पिक्चर लावायचे नाहीत असा नियमच झालाय. मला मात्र वाटतं त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांच्यासोबत बघता येतील असे या विषयावरचे अजून पिक्चर सांगाल का? आणि आज ती केस लागली असती तर कोर्टाने हृतिकला हो म्हटलं असतं का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, नाही, आजही नाही. गोव्याच्या त्या पडक्या बंगल्यातला ईथन, म्हणजे हृतिक, १४ वर्षं मानेखाली लुळा आहे पण तो मशीनवर जगत नाहीये, तो मागतोय ते डॉक्टरांनी मुद्दाम मरण द्यावं असं, आणि त्याला आपल्याकडे आजही परवानगी नाही. मिळालीये ती उपचार थांबवायची. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं भान हरपून पडलेल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसमध्ये २०११ ला सुप्रीम कोर्टाने ते दार थोडं उघडलं, मग २०१८ ला लिव्हिंग विल मान्य झालं, म्हणजे बरं व्हायची आशाच उरली नाही आणि मी बोलायच्या अवस्थेत नसले तर मला नळ्या लावून ठेवू नका असं आधीच लिहून ठेवायचं. तेव्हा त्याची प्रोसिजर इतकी किचकट होती की कोण जाणार त्या भानगडीत! २०२३ ला ती सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही केली की चालतं, पुढे वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं बघून ठरवतात.

अरुणाताईंच्या निकालातली एक गोष्ट मला कुठल्याही पिक्चरपेक्षा मोठी वाटते. अर्ज केला होता पत्रकार पिंकी विराणी यांनी, पण कोर्ट म्हणालं की यांच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा, कारण १९७३ पासून त्यांना भरवणं-पुसणं-कूस बदलणं तेच करत आले होते, आणि त्या नर्सेसचं म्हणणं होतं की आम्ही सांभाळतो, राहू द्या. २०१५ ला अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या, केईएममध्येच.

म्हणून मी असे पिक्चर बघताना मरणाऱ्यापेक्षा पलंगाशेजारी कोण बसलंय ते जास्त बघते. ‘गुजारिश’मध्ये भन्साळींनी सगळं इतकं देखणं करून ठेवलंय की आजारपणाचा वास येतच नाही (ऐश्वर्या ज्या कपड्यांत नर्सिंग करते ते बघून माझी नर्स मावशी पोट धरून हसली होती), पण रात्री गळक्या छतातून कपाळावर टपटप पाणी पडतंय आणि त्याला मान बाजूला करता येत नाही, तेवढा एक सीन खरा आहे.

स्पॅनिश चालत असेल तर २००४ चा ‘द सी इनसाइड’ बघा, खऱ्या माणसावर आहे, रामोन सांपेद्रो, तरुणपणी समुद्रात उडी मारताना मान मोडली आणि २९-३० वर्षं अंथरुणात गेली. त्यात त्याला समजवायला एक पाद्री येतो, तोही व्हीलचेअरवर, आणि खुर्ची काही जिन्यावरून वर जात नाही, मग पाद्री खाली, रामोन वर, आणि मधे एक पोरगा निरोप घेऊन जिना चढतोय-उतरतोय, शेवटी दोघं ओरडूनच भांडतात. आणि वहिनी, जिने त्याला पोरासारखं सांभाळलंय, ती त्या पाद्र्याला जे सुनावते ते ऐकण्यासारखं आहे. मराठीत अतुल कुलकर्णींचा ‘सुखांत’ आहे २००९ चा, त्यात आईच मरण मागते, पण तो मिस्टर घरी नसताना लावा.

सासूबाईंसाठी मात्र मी ‘मुक्ती भवन’ म्हणेन. म्हाताऱ्या दयाला स्वप्न पडतं आणि तो जेवणाच्या टेबलावर जाहीर करतो की माझी वेळ झाली, मला काशीला न्या. मुलगा वैतागून, रजा काढून, ऑफिसचे फोन घेत घेत नेतो. मरायला येणाऱ्यांसाठीच्या तिथल्या मुक्ती भवनात उतरतात, तिथल्या मॅनेजरचा नियम, १५ दिवस राहा, नाही गेलात तर खोली सोडा! एक बाई तर १८ वर्षं वाट बघत तिथेच राहिलीये. हसू येतं खूप, आणि मुलगा-बाप पहिल्यांदा नीट बोलतात.

फक्त एक, सासूबाई हल्ली जेवत नसतील, झोपत नसतील, ‘माझा आता काय उपयोग’ असं सारखं म्हणत असतील तर पिक्चर राहू दे, आधी डॉक्टरांना दाखवा, ते ईथनचं दुःख नसतं, त्यावर औषध असतं. १४४१६ वर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, फोनही आहे, फुकट. तसं नसेल तर चहा ठेवा आणि सरळ विचारा, “त्या दिवशी तुम्ही काय म्हणत होतात?” मिस्टरांनाही बसवा, रिमोट मात्र तुमच्याकडे ठेवा.