पोलीस हेल्मेट-ढाल घेऊन उभे दिसले की धडकी का भरते? एवढा सरंजाम खरंच लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विसर्जनाच्या दिवशी चौकात हेल्मेट, ढाली आणि जाड जॅकेटं घातलेल्या पोलिसांची रांग दिसली, काहीही घडलेलं नसताना तुम्ही आईला घेऊन परत फिरलात, आणि आता विचारताय की हे सगळं लागतं का, की लोकांना घाबरवायलाच असतं.

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं जिल्हा मुख्यालयाच्या दंगा काबू पथकात गेली, म्हणजे तुम्ही पाहिलीत तसल्या रांगेत मी उभा राहिलोय. तर उत्तर दोन्हीकडे हो असंच आहे. लागतंही, आणि धाक बसावा म्हणूनही घालतात. सणाआधी बाजारपेठेतून संचलन निघतं, चौकात दंगा काबूची रंगीत तालीम होते, ती लोकांनी बघावी म्हणूनच. कुणाच्या डोक्यात काही शिजत असेल तर त्याला कळावं, तयारी आहे. अडचण एवढीच की ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय तो ओट्यावर तंबाखू मळत निवांत बघत बसतो, आणि भाजीची पिशवी घेतलेली बाई रस्ता बदलते.

आधी एक गैरसमज काढतो. त्या जॅकेटला लोक सरसकट बुलेटप्रूफ म्हणतात. ते तसं नसतं. दंगलीत घालतात त्याला आम्ही बॉडी प्रोटेक्टर म्हणतो: आत फोम, वर कडक प्लास्टिक, खांद्याला, कोपराला, नडगीला वेगवेगळे तुकडे. दगड, बाटली, फार तर काठी अडवतं. गोळीपुढे त्याचा उपयोग शर्टाइतकाच. बुलेटप्रूफ ही वेगळी चीज, आणि तिच्यातही फरक आहे. पिस्तुलाची गोळी अडवायला केव्हलारसारख्या धाग्याचे थर पुरतात. एके-४७ ची अडवायची तर त्या थरांपुढे पोलादाची किंवा सिरॅमिकची प्लेट बसवावी लागते आणि वजन तिथेच वाढतं. आणि साधं जॅकेट धड सांभाळतं, मान आणि मांड्या उघड्याच राहतात. तेव्हा ‘जॅकेट घातलंय, याला काय होतंय’ असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

आता हे अंगावर चढवून उभं राहणं कसं असतं ते सांगतो. भाद्रपदातला उकाडा, मध्येच पावसाची सर. हेल्मेटची काच खाली घेतली की स्वतःच्याच श्वासानं धुरकट होते. पुसायची कशी? एका हातात ढाल, दुसऱ्यात काठी. नडगीच्या पॅडचा पट्टा गुडघ्यामागे काचत राहतो. पाठीवरून घाम ओघळतो आणि खाजवायला जावं तर मध्ये प्लास्टिक. आमच्याकडे आलेले प्रोटेक्टर सगळे पुरुषांच्या मापाचे होते. एका महिला अंमलदारानं खांद्याचा पट्टा सुतळीनं आवळून आख्खा बंदोबस्त काढलेला मी पाहिलाय.

पण खरा परिणाम होतो तो कानांवर, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. हेल्मेटचं पॅडिंग कानाशी दाबून बसतं, समोर ढोल-ताशा, खांद्याशी वायरलेसची खरखर. माणसाचं बोलणं मधल्या मध्ये गडप. एका मिरवणुकीत एक आजी माझ्या पुढ्यात येऊन काहीतरी विचारत होत्या. मला ओठ हलताना दिसले, बास. मी समोर बघत उभा. तोंड वाकडं करून त्या निघून गेल्या. शेजारचा शिपाई म्हणाला, ‘अहो हवालदार, त्या एसटी स्टँडचा रस्ता विचारत होत्या.’ त्यांच्या लेखी मी माजलेला पोलीस ठरलो. हे लोक पुतळ्यासारखे बघत राहतात, विचारलं तरी बोलत नाहीत, अशी जी तक्रार असते तिच्यामागे कित्येकदा एवढंच असतं.

त्यात काचेमागचा चेहरा नीट दिसत नाही आणि छातीवरची नावाची पट्टी प्रोटेक्टरखाली झाकली जाते. हे मात्र मी खात्याच्या बाजूनं झाकून नेणार नाही. नाव दिसत नसलं की एखाद्याचा हात जरा सैल सुटतो. आणि ज्यानं काठी गरजेपेक्षा जास्त चालवली त्याची तक्रार करायची तर कुणाच्या नावानं? प्रोटेक्टरवर आणि हेल्मेटवर मोठ्या आकड्यात नंबर असावा, लांबून वाचता येईल असा. फार पैसे लागत नाहीत त्याला.

गंमत बघा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नाकाबंदीवरच्या कित्येक पोलिसांच्या तोंडापुढे तशीच पारदर्शक काच होती, फेसशील्डची. कुणी दचकलं नाही. उलट लोक चहा, पाणी, मास्क आणून देत होते. कारण तेव्हा पोलीस ज्याला भीत होता त्यालाच लोकही भीत होते. चौकातल्या रांगेसमोर उभं राहिल्यावर प्रश्न पडतो की यांनी हे कुणापासून वाचायला घातलंय, आणि आजूबाजूला बघावं तर आपणच असतो. तुमच्या आईला जे वाटलं ते मला वाटतं हेच. आपल्याला कुणीतरी न सांगता दंगेखोरांत धरलं, असं.

मग घालूच नये का? ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानावरचा मोर्चा बिघडला. गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले, महिला पोलिसांवर हात टाकले गेले. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच सवाल: पोलीस तयारीत का नव्हते? काही घडलं नाही तर ‘एवढे कशाला’, आणि घडलं तर ‘एवढेच कसे’. आम्हाला याची सवय होते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती तुमच्या-आमच्याबद्दल आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचं ते दृश्य सगळ्यांना आठवत असेल: हेमंत करकरे घाईघाईनं डोक्यावर हेल्मेट बसवतायत, अंगात जॅकेट चढवतायत. त्यानंतर थोड्याच वेळात कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. पुढं करकरे यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहिती अधिकारात त्या जॅकेटची चौकशी केली, तेव्हा जॅकेट गहाळ असल्याचं बाहेर आलं. देशभर ज्याची चर्चा चालली होती, ती वस्तूच जागेवर नाही! आणि बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी भारतीय मानक ब्युरोचं स्वतःचं मानक निघालं ते २०१८ साली, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे कसाबच्या बंदुकीची नळी धरून राहिले, गोळ्या पोटात घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. दरवर्षी २६ नोव्हेंबरला स्टेटस फिरतात, ‘हातात फक्त काठी होती’. लोकांची छाती अभिमानानं फुगते. मला ते वाक्य सहन होत नाही. फक्त काठीच का होती, हे त्या स्टेटसखाली कुणी विचारलेलं मी तरी वाचलं नाही. उघड्या छातीचा पोलीस आपल्याला आवडतो, मेल्यावर तर फारच. जॅकेट घातलेला जिवंत पोलीस दिसला की मात्र आपण कडेकडेनं जातो.

तेव्हा घालावं की नाही यापेक्षा ते केव्हा घालावं आणि तोवर कुठं ठेवावं, यावर सगळं अवलंबून आहे. आमचे एक जुने निरीक्षक विसर्जनाला पथकाची गाडी मुख्य रस्त्यावर लावूच देत नसत. गाडी बाजूच्या बोळात, सामान गाडीत, प्रत्येकाचं हेल्मेट त्याच्या सीटवर. जवान खाली साध्या गणवेशात, निम्मे शेंगदाणे खात. मिरवणुकीत नेमलेले पोलीस टोपी आणि शिट्टीवर. मंडळाच्या पोरांना नावानं हाका मारणारे. निरोप आला की गाडीपाशी पळायचं आणि सगळं चढवून रांगेत उभं राहायचं. ती घाई ते सरावात घड्याळ लावून करून घेत. त्यांच्या हाताखाली असताना ते सामान बाहेर काढायची वेळ क्वचितच आली. नंतर आलेल्या साहेबांना सगळं दर्शनी लागायचं. दुपारी बारापासून पूर्ण सरंजामात उभे. संध्याकाळपर्यंत आम्ही तापलेले, आणि आमच्याकडे बघून पोरंही.

हे फक्त आमच्या साहेबांचं डोकं होतं असं नाही. २००४ ची युरो फुटबॉल स्पर्धा पोर्तुगालमध्ये झाली, इंग्लंडचे दांडगट प्रेक्षक येणार म्हणून सगळे धास्तावलेले. क्लिफर्ड स्टॉट आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी तिथल्या शहर पोलिसांसोबत काम केलं. पोलीस साध्या गणवेशात, दोघादोघांनी गर्दीत मिसळून, बोलत-चालत. दंगल पथकं तयार, पण नजरेआड. सामन्यांच्या शहरांत इंग्लिश प्रेक्षकांची मोठी दंगल झाली नाही. झाली ती दक्षिण किनाऱ्यावर आल्बुफेइराला, आणि तो भाग दुसऱ्या दलाकडे होता, तिथं ही पद्धत नव्हती. मी निवृत्तीनंतर हे वाचलं आणि पहिल्यांदा त्या बोळातल्या गाडीची आठवण झाली.

पुढच्या वेळी रांग दिसलीच तर लगेच परतू नका, आधी बघा. काचा वर आहेत, ढाली जमिनीला टेकवल्यात, जवान आपसात बोलतायत, तर काही नाही. आईला घेऊन खुशाल जा. काचा खाली आल्या, ढाली उचलून एकमेकींना भिडवल्या आणि मागे दुसरी रांग लागली, तर तिथून हलायची वेळ झाली. जमाव बेकायदा ठरला की बळ वापरण्याआधी त्याला पांगायला सांगतात, बहुधा भोंग्यावरून. ते ऐकू आलं की व्हिडिओ काढत थांबू नका, बाजूची गल्ली धरा. अश्रुधूर सुटलाच तर डोळे चोळू नका, वारा जिकडून येतोय तिकडे चालत राहा आणि मिळेल तिथं भरपूर साध्या पाण्यानं डोळे धुवा. कपडे घरी गेल्यावर लगेच बदला, त्यांच्यावरही ती पूड बसलेली असते.