याकोबच्या बारा मुलांच्या चित्रांत प्रत्येकाच्या हातात वेगळीच वस्तू का असते?

तुम्ही विचारलंय की एकाजवळ सिंह, एकाजवळ गाढव, एकाच्या काठीला साप, हे काय प्रकरण आहे. तर याचं उत्तर बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ४९व्या अध्यायात आहे. याकोब, म्हणजे ज्यू लोकांचा मूळपुरुष, मरणाच्या दारात आहे, मुलांना खाटेभोवती बोलावतो आणि एकेकाला सांगतो तुझं पुढे काय होणार ते. याला आशीर्वाद म्हणतात खरं, पण दोन-तीन जणांना बापाने चांगलंच झापलंय.

आम्ही शब्बाथ शाळेत ही बारा नावं पाठ केलेली, रऊबेन शिमोन लेवी यहूदा करत, पण कोण कोण ते कधीच डोक्यात राहिलं नाही, ते राहिलं सुरबारान या स्पॅनिश चित्रकाराची चित्रं बघून. त्याने साधारण १६४०च्या दशकात याकोब आणि बारा मुलं अशी १३ चित्रं केली, प्रत्येक माणूस जवळजवळ खऱ्या उंचीचा, एकेकटा उभा. चेहरे कुणालाच माहीत नव्हते मग ओळख पटवायची कशी, तर बापाचे शब्दच हातात द्यायचे. यहूदाला बाप सिंहाचा छावा म्हणतो आणि राजदंड तुझ्या घरातून जाणार नाही म्हणतो, म्हणून डोक्यावर मुकुट, हातात राजदंड, बाजूला सिंह. इस्साखार बळकट गाढव, दान वाटेवरचा साप, जबुलून समुद्रकाठी राहणार म्हणून नांगर (जहाजाचा हां, शेतातला नाही), आशेरकडे भाकरीची टोपली, आणि धाकटा बन्यामीन फाडणारा लांडगा, तो तर लांडग्याला साखळी बांधून कुत्रं फिरवायला निघाल्यासारखा दिसतो.

पण सगळं शब्दाला शब्द नाहीये. नफतालीला बाप मोकळी सुटलेली हरिणी म्हणतो आणि चित्रात त्याच्या खांद्यावर फावडं! लेवीचं तर उलटंच, बहिणीवर, म्हणजे दीनावर अत्याचार झाला तेव्हा त्याने आणि शिमोनने तलवारी चालवून अख्ख्या गावातले पुरुष कापले होते त्यामुळे बाप दोघांच्या रागाला शाप देतो, पण पुढे याजक (म्हणजे पुजारी) झाले ते लेवीच्याच वंशात म्हणून चित्रात तो याजकाच्या झग्यात उभा, शिमोन बिचारा तलवारीसकट तसाच. दीनाचं चित्र अर्थातच नाही, वंशावळीत मुली मोजतं कोण.

हे झालं ख्रिस्ती चित्रांचं. ज्यू परंपरेत माणसाची आकृती टाळतात, त्यामुळे चित्रकार मार्क शागालने जेरुसलेमच्या हदासा हॉस्पिटलमधल्या प्रार्थनास्थळासाठी याच बारा जणांवर रंगीत काचेच्या १२ खिडक्या केल्या (१९६२) त्यात एकही माणूस नाही, नुसते प्राणी, पक्षी, मासे आणि रंग. मला पर्सनली त्या जास्त आवडतात, कारण याकोबचं ते बोलणं मुळातच कवितेसारखं आहे. आणि याकोबचं दुसरं नाव इस्राएल, त्यामुळे आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू म्हणजे शब्दशः याचीच लेकरं.

सुरबारानची चित्रं बघायची असतील तर इंग्लंडमध्ये बिशप ऑकलंड गावी जावं लागतं. डरहॅमचे बिशप ट्रेव्हर यांनी १७५६ मध्ये १२ चित्रं १२४ पौंडांत घेतली आणि आपल्या वाड्यात जेवणाच्या मोठ्या दालनात लावली. त्या आधी १७५३ ला ज्यूंना नागरिकत्व देणारा कायदा झाला आणि लोकांनी इतका आरडाओरडा केला की लगेच मागे घ्यावा लागला, बिशप त्या कायद्याच्या बाजूने होते, म्हणजे जेवायला आलेल्या बड्या पाहुण्यांच्या डोक्यावर याकोबचं घराणं टांगणं ही काही नुसती सजावट नसावी.

तेरावं चित्र म्हणजे बन्यामीन, तो लिलावात दुसऱ्याच कुणीतरी उचलला, मग बिशपनी त्याची नक्कल करून घेतली. तेव्हा तिथे लांडगा दिसला तर तो डुप्लिकेट आहे एवढं लक्षात ठेवा, ओरिजिनल इंग्लंडमधल्याच ग्रिम्सथॉर्प कॅसलमध्ये.