सटीप संदर्भसूची: टीप सारांशावर का अडते

'1972चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना' या विषयावर दहा संदर्भांची अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी (प्रत्येक नोंदीखाली टीप असलेली संदर्भसूची) दिली आणि 'हे सगळे सारांश आहेत' असा शेरा मारून बाईंनी ती परत केली, असं तुम्ही लिहिलंय. टिपा दुरुस्त करायला लगेच बसू नका. आधी संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहा. 'दुष्काळ आणि रोजगार हमी योजना' हा विषय झाला. 'दुष्काळात काढलेली कामं 1977च्या रोजगार हमी कायद्यापर्यंत कशी पोचली?' हा प्रश्न. असा प्रश्न समोर नसला की पुस्तकातलं सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि टीप सारांशावरच थांबते.

कॉलेजने मर्यादा दिली नसेल तर एका टिपेला 120 ते 150 शब्द पुरे. लेखकाचं म्हणणं 50 शब्दांत आटपा. उरलेली जागा तीन गोष्टींना द्या: पुरावा कसला आहे, तो कुठे तोकडा पडतो, आणि तुम्ही तो पेपरात नेमका कुठे वापरणार.

वुल्फ लाडेजिन्स्की यांचा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला फेब्रुवारी 1973चा महाराष्ट्रातल्या दुष्काळावरचा लेख घ्या. 'लेखात दुष्काळाची उपयुक्त माहिती आहे' हे वाक्य दुष्काळावरच्या कुठल्याही लेखाला चिकटवता येतं, म्हणून ते काढून टाका. मूल्यमापनाचा भाग साधारण असा हवा: 'लेखक जमीन सुधारणांचे अभ्यासक. दुष्काळ चालू असताना त्या भागात फिरून लिहिलेला लेख, म्हणून समकालीन पुरावा म्हणून वजनदार. मात्र 1977चा कायदा आणि 26 जानेवारी 1979पासूनची त्याची अंमलबजावणी लेखानंतरची. पहिल्या भागात, कायद्यापूर्वीची परिस्थिती मांडताना वापरणार. कायद्याच्या चर्चेसाठी विधिमंडळाचं कामकाज पाहावं लागेल.' लेखाची मर्यादा सांगताना पुढचं साधन कुठलं शोधायचं तेही इथे कळतं. ही सूची करायला लावतात ती त्यासाठीच.

दहा हवेत म्हणून दहाच वाचू नका. पंधरा-सोळा चाळा, आणि चार लेख एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातले भक्कम दोन ठेवा. निदान तीन-चार टिपांत सूचीतल्या दुसऱ्या साधनाशी तुलना यायला हवी. साधन वाचलं त्याच दिवशी टीप लिहा, पृष्ठक्रमांकासह. लेखाच्या सुरुवातीचा गोषवारा शब्द बदलून उतरवलेला तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतो, कारण त्यात तुमचा प्रश्न कुठेच नसतो.

सगळ्यात गंभीर चूक वेगळीच आहे: शोधगंगेवरच्या (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) प्रबंधाच्या शेवटची यादी पाहून, न वाचलेली पुस्तकं आपल्या सूचीत घालणं. जे हातात घेतलं नाही त्यावर टीप लिहिता येत नाही. मूळ पुस्तक मिळालंच नाही तर नोंद प्रबंधाची करा.

नोंदींची शैली एकच ठेवा, एपीए सातवी किंवा एमएलए नववी आवृत्ती. वर्डमध्ये नोंद निवडून कंट्रोल-टी दाबलं की पहिली ओळ सोडून बाकीच्या आत सरकतात, अंतर 1.27 सेंमी ठेवा. टीप त्याखाली नव्या परिच्छेदात, आतून. मराठी आणि इंग्रजी साधनांचे दोन वेगळे विभाग केले की अकारविल्हे लावताना घोळ होत नाही. सरकारी अहवालावर व्यक्तीचं नाव नसेल तर लेखकाच्या जागी विभागाचं नाव येतं. राजपत्रावर शकाची तारीखही असते, तिथे इंग्रजी तारीख घ्या. मराठी पुस्तकांत पुनर्मुद्रणाचं साल आणि पहिल्या आवृत्तीचं साल यांची फार गल्लत होते, त्यामुळे श्रेयपृष्ठ पूर्ण वाचा: 1980चं लेखन 2010चं म्हणून नोंदलं गेलं तर तुमचा सगळा कालक्रम चुकतो. आणि जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर चिकटवला तर अक्षरांचा कचरा उमटतो. शीर्षक युनिकोडमध्ये हातानेच टाइप करा.