शॉक दिला की किडनी जाते का, मॅडम?

युरोलॉजीच्या ओपीडीबाहेर माझं टेबल असतं, तिथे हा प्रश्न सारखाच येतो. मागे एक काका आले (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), डाव्या किडनीत १२ मिमीचा खडा, डॉक्टरांनी लिथोट्रिप्सी (म्हणजे बाहेरूनच खडा फोडायचा, ज्याला सगळे शॉक म्हणतात) सांगितलेली आणि हे म्हणतात मी शॉक घेणारच नाही, आमच्या भावकीतला एक जण शॉक घेऊन वर्षात डायलिसिसवर गेला.

त्यांना करंट देतात असंच वाटत होतं. ह्या शॉक शब्दाने आमचं काम फार वाढवलंय! करंट नसतो हो, बाहेरून दाबाच्या लाटा खड्यावर सोडतात, एका वेळी दोन-तीन हजार, १९८० पासून चालू आहे हे.

पण किडनीला काहीच होत नाही असं मी कधी सांगत नाही. लाटा जिथे एकवटतात तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना मार बसतो, म्हणून एक-दोन दिवस लघवी लाल होते, थोडी सूज येते, किडनीचं काम जरा मंदावतं आणि बहुतेकांचं पुन्हा जागेवर येतं. क्वचित किडनीभोवती रक्त साचतं, आणि तो धोका बीपी वाढलेलं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्त.

म्हणून विचारलं, काका गोळ्या कुठल्या? "कुठल्याच नाही." काकू हळूच म्हणाल्या, "अहो, ती हार्टची?" हार्टमध्ये स्टेंट टाकलेला, म्हणजे ती रक्त पातळ करायचीच गोळी! डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, का तर "आम्ही खड्यासाठी आलो होतो ना." बीपी १७०/१००. मी म्हटलं गोळी मनाने बंद करायची नाही, ते हार्टचे डॉक्टर ठरवतील.

आणि भावकीतल्याचं विचारत गेले तर त्याला शुगर, दोन्हीकडे खडे, किडनीतून लघवी खाली नेणाऱ्या नळीत अडकलेला खडा घेऊन चार वर्षं काढे पीत बसलेला. कागद न बघता मी काय बोलणार, पण अडकलेला खडा किडनी गुपचूप खातो एवढं काकांना पटलं.

दीड महिन्याने बीपी ताब्यात आल्यावर शॉक दिले. तुकडे नळीत अडकू शकतात म्हणून निघताना बजावलं, ताप-थंडी आली, लघवी थांबली किंवा कुशीत दुखणं वाढत गेलं तर रात्री दोनला पण या. दुसऱ्या दिवशी लाल लघवीचा घाबरून फोन, मग शांत.

तपासणीला आले तेव्हा क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आधीएवढंच, आणि काडेपेटीत खड्याचे तुकडे. लॅबला द्या म्हटलं तर म्हणे थोडे ठेवतो, भावकीत दाखवायचेत.