दिवाळीचा चिवडा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा दिवसांत खवट होतो. विक्रीसाठी कोणतं पाकीट घ्यावं?

चिवडा मऊ पडत नाही, खवट होतो, म्हणजे दोष दमटपणाचा नाही. साधी पॉलिथिनची पिशवी ओल बऱ्यापैकी अडवते, पण हवेतला ऑक्सिजन तिच्यातून आत झिरपत राहतो. त्यात दुकानदार पाकिटं उजेडात टांगतो. शेंगदाणे, खोबरं आणि तळणीचं तेल खवट व्हायला एवढं पुरतं.

पॅकिंगवाल्याकडे 'मेटलाइज्ड पाऊच' मागा. बाहेर १२ मायक्रॉन पॉलिस्टर, त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर आणि आत ५०-६० मायक्रॉन पॉली. हा आतला थरच सीलिंग मशीनवर तापून एकमेकांना चिकटतो. माल दिसावा म्हणून खिडकीवालं पाऊच घेण्याचा मोह होतो, पण तिथून उजेड आत जातोच. माझ्या मते टाळा.

चिवडा पूर्ण गार झाल्यावरच भरा. सीलच्या पट्टीवर तेल किंवा मसाल्याची पूड राहिली, तर महागडं पाऊचही फुकट. एक पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबून बघा; बुडबुडे आले तर सील कच्चं आहे. पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन वायू भरता आला, म्हणजे ऑक्सिजन उरत नाही, तर उत्तम, पण सुरुवातीला त्या मशीनचा खर्च नको. पाऊच खाद्यपदार्थांसाठीचंच आहे ना, हे विचारून घ्या आणि लेबलवर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नंबर टाका.