कमी रेटिंगवाला जिंकला, तर ते नशीबच का?

तुमच्या भाच्यानं बुद्धिबळात रेटिंगनं, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्यानं, ४०० गुणांनी वरच्या खेळाडूला हरवलं आणि घरचे म्हणताहेत, नशीब. मी हरलेल्या बाजूनं सांगतो, कारण मी अगदी तसाच हरलोय.

मी बेळगावचा. रेटिंगच्या स्पर्धेसाठी आम्हाला बऱ्याचदा सांगली-कोल्हापूर गाठावं लागतं. सांगलीत माझं रेटिंग होतं १८३०, समोर आमच्याच बेळगावजवळच्या खानापूरकडचा आठवीतला पोरगा, १४३०. एवढ्या फरकाला रेटिंगचं सूत्र म्हणतं, त्यानं दहा डावांत साधारण एक गुण मिळवावा (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). दोन बरोबऱ्या झाल्या तरी तो एक गुणच. मी जिंकलो तर मला रेटिंगचे जेमतेम दोन गुण, बरोबरी झाली तर आठ जाणार, हरलो तर अठरा.

खरी गोम त्या आठात आहे. हत्तीच्या अंतिम डावात माझी चार प्यादी, त्याची तीन, सगळी एकाच बाजूला. नीट खेळलं तर बरोबरीच. पोरगं म्हणालं, "काका, ड्रॉ?" मी नकारार्थी मान हलवली. घड्याळात चालीगणिक मिळणारे ३० सेकंदच उरलेले, तरी राजा घेऊन पुढं घुसलो. त्यानं बाजूनं शह दिला. राजा हलवला की मागचा हत्ती फुकट!

त्यात नशीब कुठाय? तोच डाव १८००वाल्याशी असता तर मी मुकाट हात मिळवला असता.

फरक किती, तेही बघा. २०२५च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला हरवलं, तेव्हा कौतुकाच्या भरात लोक चमत्कार म्हणाले. दोघींच्या रेटिंगमध्ये फरक होता सुमारे ८० गुणांचा. एवढ्यावर खालच्या खेळाडूला दहा डावांत जवळपास चार गुण मिळतातच. चारशेची गोष्ट वेगळी, पण मुलांचं रेटिंग बऱ्याचदा खऱ्या ताकदीच्या मागं राहतं. म्हणून तर अठराच्या आतल्यांना एका डावात माझ्या दुप्पट रेटिंगगुण मिळतात किंवा जातात.

परतताना मिरजेहून त्याच गाडीत ते बापलेक भेटले. वर्षाला दोनच स्पर्धा परवडतात, वडील सांगत होते. म्हणजे ते १४३० किती जुनं होतं बघा. पोरानं खिशातला छोटा पट काढला, "काका, इथं थांबला असता तर..." भडंग खात घटप्रभेपर्यंत ऐकून घेतलं. बरोबर होतं त्याचं.