पार्ल्यात ४० वर्षं जुन्या सोसायटीतला रिनोव्हेट केलेला ३ बीएचके घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत पार्ले पूर्वेला जुन्या सोसायटीत दोन फ्लॅट जोडून केलेला ३ बीएचके मिळतोय, आतून सगळं नवीन आहे, घरात आई-वडील आणि दोन मुलं आहेत त्यामुळे एवढी जागा हवीच आहे, आणि मालक रिनोव्हेशनचे वेगळे पैसे मागतोय ते द्यावेत का. माझं मत विचाराल तर रिनोव्हेशनचा एक रुपयाही वेगळा देऊ नका, आणि तो फ्लॅट आवडण्याआधी त्याच्या खालचा फ्लॅट बघून या.

मी अशाच एका फ्लॅटच्या खाली राहते म्हणून सांगतेय. आमच्या वरती पूर्वी दोन कुटुंबं होती, दोन वेगळे फ्लॅट. दोन्ही एकाच माणसाने घेतले, राहायला नाही, सजवून विकायला. त्याने मधली भिंत पाडली, एक किचन काढून बेडरूम केली आणि जिथे एका फ्लॅटचा हॉल होता त्या कोपऱ्यात अटॅच्ड बाथरूम बांधलं. तो कोपरा म्हणजे खाली आमच्या सासूबाईंची खोली. काम चालू असताना आम्ही सेक्रेटरींना विचारलं की परवानगी दिलीय का, तर म्हणाले हो दिलीय, इंटरनल काम आहे, तुम्ही काळजी करू नका. लेखी काही दाखवलं नाही. सदस्याने फ्लॅटमध्ये फेरबदल करायचे तर कमिटीची आधी लेखी परवानगी लागते, हे सोसायट्यांच्या उपविधींमध्ये, म्हणजे नियमावलीत, स्पष्ट आहे, आणि तोंडी "करा करा" म्हणण्याचा अधिकार एकट्या सेक्रेटरीला नाही.

फ्लॅट झटकन विकला गेला. एक तरुण जोडपं आलं, लहान मुलं, म्हातारे सासू-सासरे, अगदी तुमच्यासारखं कुटुंब. आणि थोड्याच दिवसांत खाली आमच्या सासूबाईंच्या खोलीच्या छताला ओल आली. आधी पिवळा डाग, मग पोपडे, मग थेंब. त्यांचा पलंग सरकवत सरकवत आम्ही दारापाशी आणला. सेक्रेटरींचं एकच पालुपद, पावसाचं पाणी आहे, बाहेरच्या भिंतीतून येतंय. मी म्हटलं अहो काका, हा एप्रिल आहे! तरी ऐकेनात. त्यात मेख अशी की पावसाची किंवा बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, आणि बाथरूम-सिंकमधली आतली गळती ज्या त्या सदस्याच्या खर्चाने. आतली म्हटली असती तर ते बाथरूम तिथे आलंच कसं आणि परवानगी कोणी दिली हे विचारलं गेलं असतं. म्हणून पाऊस. सगळ्यांच्या पैशातून बाहेरच्या भिंतीला प्लास्टर झालं, रंग झाला, आणि आमचं छत गळतच राहिलं.

शेवटी मीच वर गेले आणि त्या मुलीशी बोलले. भांडायला नव्हते गेले, तिला खाली आणून छत दाखवलं. तिला धक्काच बसला, आपल्यामुळे एका आजारी बाईच्या अंगावर पाणी पडतंय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती लगेच तयार झाली. बाथरूमच्या नहाणीचं, म्हणजे पाणी वाहून जायचं, तोंड बंद करून फरशीवर लाल रंगाचं पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या छतावर लालसर डाग. एवढी साधी टेस्ट, कुठलाही प्लंबर करून देतो, आणि कमिटीने ती करायची मागणी प्रत्येक वेळी टाळली होती.

टाइल्स उखडल्या तेव्हा कळलं की खाली वॉटरप्रूफिंग नावाला पण नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये संडास-बाथरूमची स्लॅब मुद्दाम खाली घेतलेली असते, त्या खड्ड्यात पाइप जातात आणि वर वॉटरप्रूफिंग करून ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, भरतात. हॉलमध्ये तसली स्लॅब नसतेच. मग हे लोक काय करतात, बाथरूमची जमीनच उंच करतात आणि त्या उंचवट्यातून पाइप लांबच्या डक्टपर्यंत (बिल्डिंगचे उभे पाइप जातात ती मोकळी जागा) नेतात, उतार पुरत नाही, पाणी तुंबतं, मुरतं. म्हणून तुम्ही तो फ्लॅट बघाल तेव्हा बाथरूममध्ये शिरताना पायरी चढावी लागतेय का बघा. चढावी लागत असेल तर ते बाथरूम मूळ जागेवर नाही असंच धरून चला आणि पुढचं सगळं विचारा. बिल्डिंगचा मंजूर नकाशा मागा, त्यात किचन कुठे आणि बाथरूम कुठे हे दिसतं.

त्या जोडप्याने फ्लॅट घेताना मार्बल, फॉल्स सीलिंग, काचेचं पार्टिशन सगळ्याचे घसघशीत पैसे मोजले होते आणि तेच फोडायला परत पैसे घातले. विकणारा कधीच निघून गेला होता. म्हणून म्हणते, रिनोव्हेशनला वेगळे पैसे कशाचे? तुम्हाला दिसतं ते वरचं, आणि फॉल्स सीलिंग तर मला संशयास्पदच वाटतं, कारण जुन्या स्लॅबच्या सळया गंजून फुगतात आणि प्लास्टर पडायला लागतं तेव्हा ते झाकायला याच्याइतकं सोपं काही नाही. लाइटसाठी भोकं पाडलेली असतात, एक लाइट काढून टॉर्चने आत बघा. मालक नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. टाइलवर टाइल लावलीय का तेही बघा, दाराच्या चौकटीपाशी जाडी कळते.

दुसरं, पार्ल्यात बऱ्याच ठिकाणी विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यामुळे, उंचीवर मर्यादा आहे, रिडेव्हलपमेंट अडकून राहते, म्हणून लोक जुनीच घरं सजवतात. त्यात गैर काही नाही. पण उद्या रिडेव्हलपमेंट आलीच तर तुमच्या मार्बलचे पैसे कोणी देत नाही, हिशोब कागदावरच्या कार्पेट एरियाचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा, होतो, आत घेतलेल्या बाल्कनीचा सहसा नाही. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सदस्यांच्या संमतीने रिडेव्हलपमेंटचा ठराव होऊ शकतो, तेव्हा सोसायटीत तसलं काही शिजतंय का हे आधीच विचारा. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागा. ३० वर्षांच्या पुढच्या बिल्डिंगला उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं, आणि रिपोर्ट दाखवायला टाळाटाळ करणारी कमिटी पुढेही टाळाटाळच करणार.

जोडलेला फ्लॅट म्हणजे शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) दोन आहेत का, दोन्हीच्या मागे ट्रान्स्फरच्या नोंदी पूर्ण आहेत का, मेंटेनन्सची बिलं दोन येतात का, आणि भिंत पाडायला महापालिकेची मंजुरी होती का हे बघा. लोन घेणार असाल तर बँकेचा माणूसही नकाशा बघतो, नकाशात भिंत आणि प्रत्यक्षात नाही हे त्याच्या लक्षात येतं. पाडलेल्या जागी बीम-कॉलमला हात लावलाय का यासाठी स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या, ब्रोकरचा नको. आणि सोसायटी ट्रान्स्फर प्रीमियम म्हणून, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावावर करताना घेते ती रक्कम, २५,००० रुपयांच्या वर मागत असेल, डोनेशन वगैरे नाव देऊन, तर देऊ नका, महापालिका हद्दीत तीच कमाल मर्यादा आहे.

सेक्रेटरींनी पुढे सर्वसाधारण सभेत सांगितलं की हा दोन सदस्यांचा आपसातला विषय होता. नव्हता. परवानगीची नोंद कमिटीच्या मिनिट्समध्ये नव्हती, मी ती मिनिट्स मागून वाचली आणि सभेत उभं राहून तसं सांगितलं. म्हणून तुम्ही टोकन द्यायच्या आधी मालकाकडे कमिटीच्या परवानगीच्या पत्राची कॉपी मागाच, सही-शिक्क्याची. "सगळे असंच करतात" हे उत्तर घेऊ नका.

सगळेच रिनोव्हेट केलेले फ्लॅट असे असतात असं मी म्हणत नाही. स्वतः राहण्यासाठी केलेलं काम आणि विकण्यासाठी केलेलं काम यात फरक असतो, मालक तिथे किती वर्षं राहिलाय ते शेजाऱ्यांना विचारा. तळमजल्याचा असेल तर खाली कोणी नाही, मग वरच्यांकडे जाऊन हेच सगळं बघा. जमलं तर जुलैत बघा, बाहेरच्या भिंती तेव्हाच खरं सांगतात. आणि लिफ्ट आहे का ते तुम्ही लिहिलंच नाहीये. त्या काळच्या तीन मजली बिल्डिंगांना बरेचदा लिफ्ट नसते, आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर माझ्या दृष्टीने हा प्रश्न मार्बलच्या आधी येतो.